शेवटच्या पानावरची अट

मित्रांनो, दाताच्या दवाखान्यातल्या कोपऱ्यात फुलाफुलांच्या कापडाखाली जो परवापर्यंत बसून होता, तो मी एक जुना संगणक आहे. माझ्या डोक्यावर कुंडी ठेवलेली असे. तिला पाणी घालत तेव्हा मला धडकीच भरे.

एके काळी माझा थाट होता. काउंटरवरच्या मावशी रोज सकाळी आधी माझी काच पुसत, मग चहा घेत. दवाखान्याचा पहिला ईमेल माझ्यावरच उघडला. त्याच ईमेलवरून डॉक्टरीणबाईंनी पेशंटच्या वेळा नोंदवणारे एक सॉफ्टवेअर वर्गणीवर घेतले. ते चालवायला नवा, चपटा संगणक आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली.

त्या सॉफ्टवेअरची अक्षरे मुंगीएवढी. मावशी डोळे बारीक करून वाचत, तरी दोनदा भलत्याच पेशंटला बोलावून बसल्या. एके दिवशी त्या बाईंना म्हणाल्या, "अजून एक वर्ष हे जमायचं नाही मला. मी आपली घरीच बसते."

मला फार वाईट वाटले. बाईंनी मात्र मोठ्या अक्षरांचे दुसरे सॉफ्टवेअर पाहून ठेवले होते. जुने बंद करा, असे कंपनीच्या माणसाला फोनवर सांगून त्या निर्धास्त झाल्या होत्या. मला राहून राहून कुतूहल वाटे, की न विचारता दरवर्षी आपोआप पुढे सरकणारी ही वर्गणी थांबते तरी कशी?

उत्तर कराराच्या शेवटच्या पानावर निघाले. मावशींनीच ते भिंग लावून वाचले. मुदत संपायच्या तीस दिवस आधी, लेखी, आणि नोंदवलेल्या ईमेलवरूनच कळवायचे. नाहीतर आणखी एक वर्ष पक्के. कळवायची वेळ त्याच संध्याकाळी सहाला संपत होती. ईमेलचा पासवर्ड कोणालाच आठवेना, आणि तो बदलायचा तर संदेश जाणार कधीच बंद झालेल्या फोन नंबरवर.

बाई डोक्याला हात लावून बसल्या. मावशींची नजर माझ्याकडे वळली.

"बाई, ह्याला चालू करून बघू या का?"

कुंडी उतरली, कापड निघाले. मी घरघरलो, दोनदा अडखळलो, तिसऱ्यांदा सुरू झालो. दवाखान्याचा ईमेल माझ्यावर अजून तसाच उघडा होता, पासवर्ड लागलाच नाही. बाईंनी चार ओळी लिहून पाठवल्या. पोच आली तेव्हा सहाला दहा मिनिटे कमी होती.  मावशी रुमाल काढून माझी काच पुसत राहिल्या.

मित्रांनो, एखाद्या करारात शिरतानाच बाहेर पडायची वाट विचारून घ्या. आणि जुन्याला भंगारात काढण्याआधी त्याच्याजवळ काय काय राहिले आहे, तेही एकदा पाहा. मावशी अजून काउंटरवरच आहेत. कुंडी आता खिडकीत असते.