तिसरा काप

मित्रांनो, गणितातली तीन शाश्वत सत्ये माझ्या पोटात सामावलेली आहेत. निदान कर्णिक मास्तर तसे म्हणत. प्रत्यक्षात माझ्या पोटात तीन लाकडी खुंट्या होत्या, त्यांतली एक हरवली आहे. मी पनवेलच्या एका हायस्कुलातला सागवानी शंकू. वय झाले, पॉलिश गेले, पण उभा आहे.

माझा जन्म १९४८ सालचा, गव्हाणच्या खाडीकाठचा. तिथे तुळशीराम नावाचा होड्या बांधणारा सुतार होता. हायस्कुलात गणित शिकवणारे कर्णिक मास्तर त्याच्याकडे आकृती घेऊन गेले. शंकूला आडवा काप दिला की वर्तुळ मिळते, तिरका दिला की लंबवर्तुळ, आणि शंकूच्या कडेला अगदी समांतर दिला की अन्वस्त. अन्वस्त म्हणजे उडवलेला दगड ज्या वळणाने खाली येतो ते वळण. तुळशीरामने सगळे ऐकून घेतले, विडी विझवली आणि आठ दिवसांनी मला हजर केले.

"मास्तर, तिसरा काप अगदी बरोबरीत नाय दिला," तो म्हणाला. "बरोबरीत कापला का सांधा पानी घेतो. वाईच उतार ठेवलाय, होडीला ठेवतो तसा."

मास्तर माझ्यावरून हात फिरवत होते. "वा, वा," ते म्हणाले. सुतार बोलत असला की सुशिक्षित माणूस बहुधा वा, वा म्हणतो.

मी सगळे ऐकले होते. पण मला कोणी विचारले नाही, आणि मीही आपणहून सांगितले नाही. शाळेत गेल्यावर माझ्या तिसऱ्या कापावर पांढऱ्या रंगात 'अन्वस्त' असे लिहिण्यात आले. लिहिलेले मिरवायला कोणाला आवडत नाही?

पुढची नऊ वर्षे माझ्या वैभवाची. पाहुणे आले की कपाटातून माझी स्वारी निघे. मास्तर माझे तुकडे वेगळे करत, मग हवेत खडू उडवत. खडू खाली पडून मोडे आणि मास्तर माझ्या तिसऱ्या कापाकडे बोट दाखवून म्हणत, "हीच ती रेषा!" पाहुणे माना डोलवत. एका पाहुण्याने तर मला नमस्कार केला. त्याला मी देवळाचा कळस वाटलो असावा.

मग मालू घरत अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात आली. तिचा बाप बळीराम मिठागरात कामाला होता. तिला पुढे सायन्सला जायचे होते आणि त्यासाठी मॅट्रिकला बीजगणित-भूमिती हवी होती. शाळेत रिवाज असा, की मुलींनी साधे अंकगणित घ्यावे. कोणा मुलीला बीजगणित हवेच असेल, तर तिच्या परीक्षेच्या फॉर्मवर गणिताच्या मास्तरांची सही लागे. ती सही आजवर एकाही मुलीला मिळाली नव्हती, कारण एकीनेही मागितली नव्हती. मालूने मागितली. मास्तर म्हणाले, "बघू." फॉर्म मुंबईला जायला एक दिवस उरला, तरी ते बघतच होते.

त्या दिवशी माझा खालचा मोठा तुकडा टेबलावर आडवा पडला होता. तिसरा काप वर होता. मालू पुढे आली.

"सर, याच्यावर थोडं पाणी घालू?"

"शंकू आहे तो. तुळस नव्हे."

"काप खाली टेकलेल्या कडेला समांतर असंल, तर पाणी जागेवर राहील."

मास्तरांनी तांब्या पुढे केला. त्यांना गंमत वाटत होती. मालूने दोन्ही बाजूंनी डस्टर लावून मला स्थिर केले आणि माझ्यावर चार थेंब सोडले. चारही थेंब आधी थांबले, मग ओळीने माझ्या रुंद टोकाकडे घरंगळले.

"ए मालू, मीठ पिकवतेस काय इथे?" मागच्या बाकावरून कमळाकर ओरडला. वर्ग हसला.

"टेबल वाकडं आहे," मास्तर म्हणाले.

"मग उलटा फिरवून ठेवू?"

मास्तरांनी स्वतःच मला फिरवले. थेंब पुन्हा रुंद टोकाकडेच गेले. टेबल आता दुसऱ्या बाजूने वाकडे झाले, असे म्हणण्याची सोय उरली नाही. मास्तरांनी थेंबांच्या ओल्या वाटेवरून बोट फिरवले.

"म्हणजे ही रेषा खाली वाढवत नेली, तर कुठेतरी वळून परत येईल. अन्वस्त कधी परत येत नाही," ते हळूच म्हणाले.

"हो सर. तेही लंबवर्तुळच हाय. जरा लांबडं."

वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतले.

"कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून. मिठागरात वाफा वाकडा असला तर आमाला लांबून दिसतो."

"मग आजच का बोललीस? सही व्हायचीय अजून. उद्या बोलायचं होतंस."

"सही घेऊन मग सांगितलं असतं, तर तुमाला फसवल्यासारखं झालं असतं, सर."

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग फॉर्म ओढून 'अंकगणित' खोडले, वर 'बीजगणित-भूमिती' लिहिले आणि सही केली. सही जरा वाकडी आली. मालू गेल्यावर त्यांनी खिशातल्या चाकूने माझ्यावरची अक्षरे खरवडली. त्या जागी दुसरे काही लिहिले नाही.

तेव्हापासून माझे मधले तुकडे कपाटात असतात. माझा शेंडा हेडमास्तरांच्या कागदांवर वजन म्हणून बसला आहे. खालचा तुकडा वारा सुटला की दार अडवतो. तक्रार नाही. मित्रांनो, सांगायचे एवढेच, की शाळेतल्या वस्तू जपा. त्यांवर लिहिलेले वाचा, आणि मग थोडे पाणीही घालून बघा. आम्ही बिघडत नाही. मला तर त्या चार थेंबांइतके लक्ष देऊन कोणी कधी वाचले नव्हते.

मालू मॅट्रिक झाली. गणितात एकाहत्तर गुण. शंकूवर एकही प्रश्न आला नव्हता. येणारही नव्हता. शंकूचे काप मॅट्रिकच्या अभ्यासक्रमात नव्हतेच.