बारा आणि चोवीस

जीवनचा फोन नेमका पाहिजे तेव्हा बंद असायचा, आणि तो बंद असला की त्याच्या आईला घास गिळत नसे. दर खेपेनंतर पोरगा घरी आला की जनीबाई आधी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायची आणि मग तोंड सोडायची. "मेल्या, त्यो फोन हाय का पाट्यावरचा वरवंटा? खिशात घालून फिरतोस कशाला मंग?"

वडखळच्या पुढं खाडीच्या कडेला त्यांचं गाव. बाप मोरू जन्मभर मिठागरात राबला. बांध फुटून मिठागर गेलं, तसा मुलगा स्टेअरिंगवर बसला. अलिबाग ते पनवेल असा छोटा टेम्पो चालवायचा, कधी बर्फ, कधी भाजी. धाकटी रुचिता शिकली आणि अलिबागला एका वकिलाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला लागली. तिच्या पहिल्या पगारानंतर नारळी पौर्णिमा आली. तिनं भावाला राखी बांधली आणि त्याच हातावर एक डबी ठेवली. आत गाडीतला चार्जर होता, लायटरच्या भोकात बसणारा, बारक्या निळ्या दिव्याचा.

"राखी चार दिसांत भिजून सुटंल," ती म्हणाली, "ही न्हाय सुटायची. आता आयेला बोलायला जागा ठेवू नको, दादूस."

चार्जर गुणाचा निघाला. पुढचे सहा-सात महिने जीवनचा फोन एकदाही बंद पडला नाही. जनीबाई दुपारी जेवण झाल्यावर मशेरी लावता लावता त्याला फोन करायची, जेवलास का विचारायची, हो म्हणाला की ठेवून द्यायची. बोलायचं एवढंच. पण गावभर सांगत सुटली होती, "माज्या लेकीनं पोराला माज्याशी बांदून ठेवलाय."

शिमगा झाला आणि जीवनला मोठी गाडी मिळाली. चौदा चाकी. दिघी बंदरातून कोळसा उचलायचा. टेम्पोवाल्याला चौदा चाकी मिळणं म्हणजे बालवाडीतून थेट कॉलेजात जाणं. जनीबाईनं गाडीपुढं नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि एवढ्या उंच चढायचं कसं म्हणून बोनेटला खालूनच हात लावून पाया पडली. जीवननं टेम्पोतलं सामान नव्या केबिनमध्ये आणलं. देवाचा फोटो, टॉवेल, पाण्याची बाटली आणि रुचिताचा चार्जर.

तेच भोक, तोच चार्जर. टक् करून बसला. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. पण हे त्याला कुणी सांगायचं आणि कशाला? बसला म्हणजे चालला, एवढं साधं गणित.

पहिलीच खेप होती. दिघीला सकाळी पोचला तेव्हा पुढं साठ गाड्या लागलेल्या. फोनची बॅटरी उतरली होती म्हणून त्यानं नऊच्या सुमाराला चार्जरला लावला. निळा दिवा नेहमीपेक्षा जास्तच झगझगला. मोठ्या गाडीत दिवापण मोठा, असं वाटून जीवनला हसू आलं. दहा मिनिटांत केबिनमध्ये जळक्या रबराचा वास सुटला. चार्जरला हात लावतो तर चटका बसला, फोनही तसाच तापलेला. त्यानं सगळं उपसलं, फोन खिडकीत वाऱ्याला धरला, फुंकर मारली, बटण दाबलं. काही नाही. काळा.

थंड झाला की होईल चालू, असं म्हणून त्यानं डोक्याखाली हात घेतले.

आजूबाजूला साठ ड्रायव्हर आणि साठांच्या खिशात फोन. मागितला असता तर कुणीही दिला असता. पण करायचा कुणाला? नंबर सगळे फोनच्या पोटात, तोंडपाठ एकही नाही. आणि एवढं कळवायचं तरी काय होतं? हा प्रश्न त्या दिवशी त्यानं स्वतःला अगदी सहज विचारला होता. पुढं तोच प्रश्न त्याला खाऊ लागला. समोर धक्क्यावरून आगरदांड्याची फेरी बोट सुटायची, माणसं, मोटारसायकली घेऊन पलीकडं जायची, परत यायची. चहा पीत त्यानं ती पाच वेळा जाताना पाहिली.

साडेचारला ट्रान्सपोर्टचा माणूस एकेका गाडीचा नंबर वाचत रांगेतून पळत आला. "जीवन म्हात्रे कोण? तुमच्या बहिणीचा मालकाला फोन आलाय. तुमची आई…" गाडी दुसऱ्याच्या हवाली करून जीवन सहाव्या बोटीनं पलीकडं गेला.

अलिबागच्या हॉस्पिटलात पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. जनीबाई सव्वातीनला गेली होती. छातीत कळ आली म्हणून सकाळी आणलेली, दुपारपर्यंत बोलत होती. रुचितानं भावाच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. "चौदा येला फोन केला तुला! चौदा येला! बंद, बंद, बंद! जीव जाईस्तोवर ती एकच इचारत व्हती, जीवनाचा फोन लागला का? कुठं व्हतास तू?"

मोरू बाकावर बसला होता, बायकोच्या चपला मांडीवर घेऊन.

तिसऱ्या दिवशी राख खाडीत सोडल्यावर जीवन फोन आणि चार्जर घेऊन पोयनाडला तेजस्वीच्या दुकानात गेला. मोबाईल दुरुस्तीत त्या भागात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. काउंटरवर एका शाळकरी पोराचा टॅब उघडा पडला होता आणि ती त्याच्या बापाला झापत होती, "काका, पिन बसते म्हणून कुठलाही चार्जर घालायचा नसतो. आधी त्याच्या पाठीवरचं वाचायचं. औषधाची बाटली वाचता ना? तसंच." बाप निमूट निघून गेला. मग तिनं जीवनचा फोन खोलला, भिंग लावलं आणि मान हलवली.

"आतलं सगळं जळलंय, दादा. फोटोबिटो काही निघणार नाही. कुठं लावला होतात?"

त्यानं चार्जर पुढं केला. तिनं तो उलटा करून भिंगाखाली धरला. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती. "हे बघा, इनपुट बारा व्होल्ट. हा कारला, टेम्पोला चालतो. मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, तिथं चोवीस येतात. भोक तेच असतं हो, म्हणून तर माणसं फसतात. ट्रकसाठी बारा ते चोवीस असं छापलेला घ्यायचा. याला चोवीस झेपले नाहीत, आतून फुटला आणि सगळी वीज फोनमध्ये सोडली. कुणी दिला हा तुम्हाला?"

जीवननं चार्जर तिच्या हातातून घेऊन खिशात घातला. सिम कार्ड मात्र शाबूत होतं, नावं-नंबरही त्यातच होते. तेजस्वीनं ते एका जुन्या फोनमध्ये घातलं, आणि लगेच चुकलेल्या कॉलचे मेसेज टणाटण येऊन पडू लागले. रुचिताचे चौदा. आणि त्यांच्या आधी, सगळ्यांत वर, तीन कॉल 'आये' या नावाचे. पहिला नऊ चाळीसचा. म्हणजे कळ आल्याबरोबर तिनं घरात कुणाला हाक मारायच्याही आधी त्यालाच फोन केला होता. नऊ चाळीसला कळलं असतं तर तो बोटीनं पलीकडं जाऊन, मुरुडवरून, एकच्या आत आईच्या उशाशी असता. ती तेव्हा बोलत होती.

काउंटरवर डोकं टेकून जीवन रडला. तेजस्वीनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

परत येताना वाटभर त्याच्या मनात दुसरीच भीती होती. रुचिता आठ वर्षांची असताना एकदा खुराड्याची कडी लावायला विसरली आणि मुंगसानं सात पिल्लं खाल्ली. घरात कुणी तिला चकार शब्द बोललं नव्हतं. पण आज ती तेवीस वर्षांची आहे, घरात कोंबड्या उरल्या नाहीत, तरी निजायच्या आधी उठून रिकाम्या खुराड्याची कडी बघून येते. सात पिल्लांचं ओझं जिनं पंधरा वर्षं वाहिलं, तिला हे कळलं तर? टेम्पोचा चार्जर ट्रकला लावणारा गाढव आपण होतो, हे तिला शंभरदा सांगितलं तरी ती एवढंच धरून बसेल, की चार्जर मी दिला.

घरी पाऊल टाकलं तशी ती दारातच उभी. "फोन कशानं बंद व्हता? आता तरी सांग."

"कशानं न्हाय," जीवन म्हणाला. "मीच बंद केला व्हता. दोन दिस झोप न्हवती. झोपलो."

रुचितानं त्याच्याकडं असं बघितलं की तिनं थोबाडीत दिली असती तरी बरं झालं असतं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, ते जमिनीवर सरकवून द्यायची. गावात कुजबुज झाली, पोरगं रांगेत झोपा काढत होतं आणि इकडं आई टाचा घासत होती. लोकांचं काय, त्यांना बोलायला मयताच्या घरापेक्षा बरी जागा नाही. जीवननं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

दहाव्याला सगळे खाडीवर जमले. भटजींनी पिंड मांडला. नैवेद्याशेजारी मोरूनं जनीबाईची मशेरीची डबी ठेवली, मशेरी लावल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. बाभळीवर कावळे होते. एकही खाली उतरेना. अर्धा तास गेला, तास गेला. जिवाला काहीतरी लागून राहिलंय, असं म्हातारे म्हणू लागले. मग एकेकजण पुढं झाला. मामा दिनानाथ हात जोडून म्हणाला, "जने, रुचीच्या लग्नाची काळजी करू नको, मी हाय." मोरू म्हणाला, "गोली टायमावर घेईन गं." कावळे जागचे हलले नाहीत. भरतीचं पाणी चढायला लागलं होतं.

तेव्हा रुचिता सगळ्यांदेखत बोलली. "तिचा जीव दादूसमधी हाय. तिनं जाईस्तोवर त्यालाच इचारलं. त्यानंच सांगाया पायजे, फोन का बंद व्हता."

सगळं गाव जीवनकडं बघू लागलं. तो मुंडण केलेलं डोकं खाली घालून पुढं गेला. मोठ्यानं म्हणाला, "आये, चुकलो. फोन मीच बंद ठेवला. मना माफ कर."

एक कावळा फांदीवरून खाली आला, चार पावलं चालला आणि परत वळला. बायकांमधून सुस्कारा उमटला.

जीवनला वाटलं, आईला खोटं कधी पचायचंच नाही. पान सारखं करायच्या मिषानं तो पिंडाजवळ उकिडवा बसला आणि ओठातल्या ओठात बोलला. "आये, फोन जलला गं. रुचीनं दिलेल्या चार्जरनं जलला. तिला म्हाईत न्हाय. तिचा काय गुना न्हाय. माजा हाय. मी तिला जल्मात सांगनार न्हाय, तू पन सपनात येऊन सांगू नको."

तो उठून मागं सरकला. कावळा आला आणि भातात चोच घालून घास उचलून गेला. त्याला भूक लागली होती की पाणी पायाशी आलं म्हणून त्यानं घाई केली, ते त्यालाच ठाऊक. लोकांनी मात्र हात जोडले. "कबूल केलं म्हनून शिवला," दिनानाथमामा म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. झालं. खोट्यावर आईचाच शिक्का बसला. आता खरं सांगायची वाटही राहिली नाही.

रुचिता रडत रडत त्याच्याजवळ आली. दहा दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याचा हात धरला, राखी बांधते तिथंच, मनगटाशी. "आयेनं माफ केलं तुला. मंग मी कोन? पन एक वचन दे, दादूस. मी दिलेला चार्जर कायम लावून ठेव. फोन परत कवा बंद ठेवू नको."

"ठेवीन," जीवन म्हणाला.

आता चौदा चाकीत दोन चार्जर आहेत. एक तेजस्वीनं दिलेला, पाठीवर बारा ते चोवीस छापलेला. तो खाली, गुडघ्याआड असतो आणि जुन्यासारखाच दिसणारा नवा फोन त्यालाच लावलेला असतो. दुसरा देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. त्याच्या पोटातलं सगळं तेजस्वीनं काढून टाकलंय, चुकून कुणी लावला तर घात नको म्हणून. निळ्या दिव्याची नुसती डबी आणि वायर.

दुपारी जेवणाच्या वेळेला फोन वाजतो. पूर्वी आई करायची, आता रुचिता करते.

"जेवलास?"

"व्हय."

"चार्जर लावलाय ना?"

जीवन खिळ्यावरच्या डबीकडं बघतो. रस्त्याच्या खड्ड्यांनी ती हलत असते.

"लावलाय गं," तो म्हणतो. "तुजाच लावलाय."