पंचमीचा तवा

रंगू सुईणीनं डाळीच्या पिठाचा हात बाळाच्या पोटरीवर ठेवला आणि झटकन मागं घेतला. काल जिथं चोळलं होतं, तिथंच पाण्यानं भरलेला टपोरा फोड आला होता. गुडघ्यावरच्या परवाच्या फोडाची साल अजून लोंबत होती.

"मने, पंचमीला तवा ठेवला हुतास काय गं?"

मनुबाईनं मान खाली घातली. तवा म्हणजे नागोबाचा फणा, पंचमीला तो चुलीवर चढवायचा नाही, हे शिराळ्यात कुणी कुणाला सांगावं लागत नसे. पण तेव्हा तिला सहावा महिना होता, पुरणाच्या दिंडांनी पोट भरेना. सगळे नागोबा बघायला गेल्यावर तिनं एक भाकरी भाजून खाल्ली होती.

"बारसं नगं, आत्याबाई," ती सासूला म्हणाली. "बायका बघतील."

राहीबाईनं नातवाला आपल्या पायांवर घेतलं, पीठ नुसत्या पाण्यानं उतरवलं. कोंबडीचं एक पीस उकळून घेतलं, खोबरेलात बुडवलं आणि फोडाच्या कडेकडेनं फिरवलं.

"आजपासनं ह्याला चोळायचं न्हाई. घासलं की फोड येतोय."

"चोळल्याबिगर पोर घट्ट कसं हुईल? आन तुला ह्ये शिकवलं कुणी?" रंगूनं विचारलं.

राहीबाई पीस फिरवत राहिली.

बारशाला भावकीतल्या लीलाबाईनं पाळण्यात वाकून दुपट्याचं टोक उचललं.

"अगं बया! सुनंनं नागोबाला चटका दिला की!"

मनुबाईनं घुगऱ्यांचं ताट खाली ठेवलं.

"तिनं न्हाई." राहीबाईनं पाळण्याची दोरी सोडली नाही. "ह्याच्या बापाला, आमच्या आकारामलाबी असंच आलं हुतं. तुमच्या तोंडाच्या भ्यानं धा म्हैनं गोधडीत झाकला त्याला. आन त्यो पोटात हुता त्या पंचमीला तवा ऱ्हाऊ दे, मी चूलबी पेटवली नव्हती."

"आकारामला? इटलीत लढाईवर हाय त्यो?"

"त्योच. भरतीच्या डाक्टरनं उघडा करून बघितला, एक डाग घावला न्हाई."

बायका खळखळून हसल्या. लीलाबाईनं दुपटं सारखं केलं आणि नाव ठेवायची घाई केली.

दिवेलागणीला मनुबाई सासूजवळ येऊन बसली.

"आत्याबाई, तवा मी खरंच ठेवला हुता."

"ठावं हाय. तव्याला पीठ चिकटलं हुतं."

"मग?"

राहीबाईनं एकदा दाराकडं बघून घेतलं.

"माझा धाकटा ल्योक धुळा पोटात असताना मीबी ठेवला हुता. दोन भाकरी खाल्ल्या. त्याला साधं घामोळंबी आलं न्हाई."

तिनं पीस तेलात बुडवून सुनेच्या हातात दिलं.

"लाव. हलक्या हातानं."