ग्रमोविचांच्या आगटीवरची साखळी

मित्रांनो, मी साखळी आहे. खूप जुनी आहे, पण बैल बांधायची किंवा विहिरीवरची नव्हे. घराच्या मधोमध आगटी पेटलेली असते, तिच्यावर तुळईवरून जी लोंबते आणि जिच्या आकड्याला हंडा अडकवतात, ती मी. सत्तावीस दुवे आणि खाली एक आकडा, एवढाच माझा देह. मॉन्टेनेग्रोच्या डोंगरात याव्होरा नावाचे गाव आहे. तिथल्या एका लोहाराने मला घडवले तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम माझ्यावर पडून चरचरला होता, तो आवाज मला अजून आठवतो.

आमच्याकडे साखळीला मान असतो. मला रागाने कोणी हलवत नाही. खोटे बोलणारा माणूस माझ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला धजत नाही. नवी नवरी घरात आली की तिला आगटीभोवती तीनदा फिरवतात आणि तिचा हात माझ्यावर ठेवतात. मग ती त्या घरची होते. मला या मानाचा थोडा गर्व होता, हे आधीच कबूल करते.

याव्होरातले सगळे लोक स्वतःला ग्रमो नावाच्या एका पूर्वजाचे वंशज मानतात. आडनाव एकच, ग्रमोविच. कुलसंतही एकच, संत लूक. बापाकडून मुलाकडे आडनाव जाते तसा हा संतही जातो, आणि त्याच्या दिवशी प्रत्येक घरात त्याच्या नावाची मेणबत्ती लागते. गावाचे वरचे घर ग्रमोचे मूळ घर. सुरुवातीला मी तिथेच होते.

दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. वरच्या घराचा कर्ता व्हुले शरद ऋतूत खिंडीतून परत येत होता. वाटेत त्याला एक मेलेला माणूस दिसला आणि त्याच्या शेजारी बसलेला एक मुलगा. पोर तीन वर्षांचे असेल. तो माणूस कोण, कुठला, त्याला कोणी मारले, काही कळले नाही. पोराला स्वतःचे नावही सांगता येईना. व्हुलेने त्याला उचलून घरी आणले, आगटीभोवती तीनदा फिरवले आणि माझ्याजवळ उभे केले. पोर इतके लहान की त्याचा हात फक्त माझ्या खालच्या आकड्यापर्यंत पोहोचत होता. आकडा तापलेला होता. व्हुलेने तो आधी ओल्या फडक्याने पुसला, स्वतः धरून पाहिला आणि मग पोराचा हात त्यावर ठेवला.

“हा माझा मुलगा,” तो घरातल्यांना म्हणाला. “याच्याबद्दल या घरात पुन्हा कोणी बोलायचं नाही.”

आणि कोणी बोलले नाही. त्या मुलाचे नाव व्हुकोता ठेवले. तो मोठा झाला, त्याचे लग्न झाले आणि त्याने खालच्या अंगाला वेगळे घर बांधले. रीतीप्रमाणे साखळी मूळ घरातच राहायला हवी होती. पण व्हुलेने मला स्वतःच्या हाताने उतरवून व्हुकोताला दिले, म्हणजे त्याला परका म्हणायची कोणाची छाती होऊ नये. तुळईतली माझी कडी त्याने तशीच ठेवली आणि तिला दुसरे काही टांगायचे नाही असे बजावले. इकडे व्हुकोताही संत लूकच्या दिवशी मोठ्या मेणबत्तीशेजारी एक लहान मेणबत्ती लावू लागला. मुलांनी विचारले तर म्हणे, ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी आहे.

माणसे गेली, गोष्ट गेली. वरच्या घरात रिकामी कडी उरली आणि खालच्या घरात दुसरी मेणबत्ती, आणि कारण दोन्हीकडे कोणालाच माहीत नव्हते. उलट माझ्यावरून खालच्यांना भलताच ताठा चढला. साखळी आमच्याकडे, म्हणजे मूळ शाखा आमची, असे ते सांगू लागले. मी सगळे जाणून होते, पण लोखंडाला तोंड कुठले?

माझ्या उमेदीच्या वर्षांत मी किती हंडे पेलले ते सांगत बसत नाही. मक्याचे पीठ रटरटायचे, मेंढीचे दूध तापायचे, लढाईहून आलेल्यांच्या जखमा धुवायला पाणी उकळायचे. पुढे घरात लोखंडी चूल आली, मग विजेची शेगडी आली. मी मागच्या जुन्या स्वयंपाकघरात राहिले. तिथे हिवाळ्यात मांस धुरावर वाळवत, एरवी कोणी फिरकत नसे. मला गंज चढला. वर्षातून एकदा, संत लूकच्या आधी, घरधनी तेलाचे फडके घेऊन यायचा.

आताचा घरधनी रादोसाव. रस्ते दुरुस्त करणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेला, एकसष्ट वर्षांचा, बायको वारलेली. मुलगा नाही, एकच मुलगी, कोसारा. घरात तिसरी त्याची आत्या स्तामेना, सत्त्याऐंशी वर्षांची. तिने लग्न केलेच नाही. पाहुणे आले की रादोसाव राकियाचा, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूचा, पेला घेऊन त्यांना मागे आणायचा आणि मला दाखवायचा. वरच्या घरातला म्हातारा मिलोन्या, ग्रमोपासूनची सगळी नावे एका दमात म्हणणारा, यावर नेहमी एकच सांगायचा, की खालचे साखळी घेऊन गेले पण अक्कल वरच विसरले. दोघांची ही थट्टा वर्षानुवर्षे चालली होती.

मग कोसाराने सांगितले की तिला बालशाशी लग्न करायचे आहे. बालशा गुरांचा डॉक्टर आहे आणि मिलोन्याचा नातू आहे. मित्रांनो, तुमच्याकडे एका गोत्रात लग्न करत नाहीत असे मी ऐकते, आमच्याकडेही तसेच समजा. एक आडनाव, एक संत, म्हणजे भाऊबहीण, मग मधे कितीही पिढ्या जावोत. रादोसावने नाही म्हटले. वर मिलोन्यानेही नाही म्हटले. या एका बाबतीत दोन्ही घरांचे तत्काळ जमले.

कोसारा निकशिच शहरातल्या इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात काम करते. तिने भांडण केले नाही. ती म्हणाली की वाय नावाचे एक गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जसेच्या तसे जाते, आडनावासारखे, आणि ते तपासता येते. कदाचित वरचे आणि खालचे ग्रमोविच मुळात वेगळे असतील. तपासू या. रक्त एक निघाले तर ती बालशाचे नाव पुन्हा काढणार नव्हती. रादोसाव आनंदाने कबूल झाला, कारण आपणच मूळ शाखा आहोत हे आता कागदावर येईल असे त्याला वाटले. मिलोन्याही तेवढ्याच खात्रीने तयार झाला. शेजारच्या हर्सेगोव्हिनात फार पूर्वी गेलेल्या एका ग्रमोविचाकडूनही नमुना मागवला.

गालाच्या आतून बोळा फिरवायचा, एवढेच काम. स्तामेनाही तोंड उघडून पुढे आली.

“आत्याआजी, तुझा नको,” कोसारा म्हणाली. “हे बायकांमध्ये नसतं.”

“सत्त्याऐंशी वर्षं मी या घरची आहे,” स्तामेना म्हणाली, “आणि माझ्यात या घराचं काहीच नाही?”

 कोसाराने म्हातारीचा हात हातात घेतला.

सात आठवड्यांनी कागद आले. मिलोन्या आणि हर्सेगोव्हिनातला माणूस यांच्या सदतीस खुणांपैकी छत्तीस जुळल्या होत्या. रादोसावच्या तेवीस वेगळ्या निघाल्या. म्हणजे ग्रमोचे वंशज ते, आणि रादोसाव कोणीतरी दुसराच. कोसाराला जे हवे होते ते मिळाले होते, पण बापाचा चेहरा पाहून तिला हसता येईना.

गावाला काय, बोलायला विषय मिळाला. खालच्या घरातल्या कोणत्या आजीने कधी काय केले असेल, याचा खल दुकानाच्या बाकावर सुरू झाला. रादोसाव दुकानात जायचा बंद झाला. एका सकाळी त्याने भिंतीवरच्या आजीच्या फोटोचे तोंड भिंतीकडे फिरवले. स्तामेनाने ते पाहिले, काठी टेकत गेली आणि फोटो सरळ केला.

“माझ्या आईनं तुझं काय वाकडं केलं?” ती म्हणाली. “दरवर्षी ती दुसरी मेणबत्ती लावतोस, ती कोणासाठी रे?”

“ज्याचं नाव ठाऊक नाही त्याच्यासाठी.”

“मग कागदात त्याचाच पत्ता लागला. आपल्या बायकांना कशाला बोल लावतोस?”

 रादोसावने मिलोन्याला निरोप धाडला. म्हातारा डोंगर उतरून आला, मला भेटायला म्हणून मागच्या स्वयंपाकघरात आला आणि मेणबत्तीची हकिगत ऐकून घेतली. माझ्याकडे तो कितीतरी वेळ पाहत राहिला. त्याच्या घरच्या तुळईत एक कडी रिकामी आहे, तिला काही टांगायचे नाही असे त्याचे आजोबा सांगत, आणि ती साखळीची कडी आहे, हे त्याने सांगितले. व्हुलेचे नाव त्यांना कळले नाही, खिंड कळली नाही. पण वेगळे रक्त, नाव ठाऊक नसलेल्याची मेणबत्ती आणि मुद्दाम रिकामी ठेवलेली कडी यांवरून, एक पोर आत आणले गेले होते आणि साखळीने त्याला मुलगा केले होते, एवढे दोघांना उमगले. मी दोनशे वर्षे एकटीने जपलेली गोष्ट शेवटी कोणाला तरी समजली होती. मला फार आनंद झाला.

पण तो फार काळ टिकला नाही.

“साखळीनं केलेला मुलगा तो मुलगाच,” मिलोन्या म्हणाला. “तू आमचा आहेस, रादोसाव. तुझं नाव यादीत राहील. पण मग तुझी पोरगीही आमचीच. बालशाची बहीण.”

रादोसावला सगळे परत मिळाले. कूळ मिळाले, आज्यांची अब्रू मिळाली. दुकानातली बोलणी थांबली. आणि कोसाराचे सगळे गेले.  तिने जर्मनीतल्या एका इस्पितळात नोकरीसाठी अर्ज केला. बालशा एकदा खाली येऊन कुंपणाशी उभा राहिला आणि तसाच परत गेला. मित्रांनो, तेव्हा मला माझीच लाज वाटली. एका पोरक्या मुलाला घर मिळावे म्हणून माझ्यावर हात ठेवला होता, आणि त्याच हातामुळे आता त्याच्याच वंशातल्या मुलीची वाट अडली होती. मी नुसते लोखंड असते तर बरे झाले असते, असे मला खरेच वाटले.

संत लूकचा दिवस आला. दुपारी रादोसाव मागे आला. त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ मला तेल लावले, एकेक दुवा पुसला. मग त्याने मला उतरवले, खांद्यावर घेतले आणि तो वरच्या घराची चढण चढू लागला. दोनशे वर्षांनी मी ती वाट उलटी चालले. माझे वजन कमी नाही. तो तीनदा थांबला.

वर पाहुणे जेवायला बसले होते. रादोसावने मला मिलोन्यासमोर टेबलावर ठेवले.

“काका, ही तुमची साखळी,” तो म्हणाला. “हिनं आम्हाला आत घेतलं. मी परत करतो.”

मिलोन्याने हातातला पाव खाली ठेवला. “परत घेतली तर तू ग्रमोविच राहणार नाहीस. तुझ्या बापाचं, आजाचं नाव मला म्हणता यायचं नाही. समजतंय ना तुला?”

“समजतंय. तुमच्या माणसांनी आमचं पोर उघड्यावरून घरात आणलं. माझी पोर मी घराबाहेर कशी घालवू?”

 मिलोन्याचे ओठ हलत होते, नावे म्हणत असावा. शेवटी त्याने नातवाकडे पाहिले.

“बालशा,” तो म्हणाला, “शिडी आण.”

माझी कडी तुळईत तशीच होती. मी तिच्यात बसले तेव्हा काही दुरुस्ती करावी लागली नाही.

लग्न वैशाखात झाले. वऱ्हाड दाराशी आले की यजमान पाहुण्यांना कूळ विचारतो, अशी आमच्याकडे रीत आहे. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी मिलोन्या उंबऱ्यावर उभा राहिला आणि ज्याला तो त्याच्या जन्मापासून ओळखत होता त्याला त्याने विचारले, “पाहुणे, तुम्ही कोणाचे?”

रादोसाव आयुष्यभर या प्रश्नाला छाती फुगवून उत्तर देत आला होता. 

“ते मला ठाऊक नाही,” तो म्हणाला. “मी कोसाराचा बाप.”

“मग आत या, व्याही,” मिलोन्या म्हणाला आणि त्याने त्याला मिठी मारली. दोघेही रडले. स्तामेना मागून म्हणाली की आधी म्हाताऱ्या माणसाला बसायला खुर्ची द्या, रडायचे मग बघा.

कोसाराला आगटीभोवती तीनदा फिरवले. नवऱ्या मला छातीच्या उंचीवर धरतात. कोसारा मात्र वाकली, गुडघ्यापर्यंत वाकली आणि तिने माझा खालचा आकडा धरला, जिथपर्यंत तीन वर्षांच्या पोराचा हात पोहोचतो. तिला हे कोणी सांगितले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी गोष्ट कारण न कळता चालत आली असेल. एखादे जास्तीचे ताट असेल, एखादा कोनाडा रिकामा ठेवत असतील. ती वेडगळ म्हणून मोडून टाकू नका. तिला गंज चढू देऊ नका, आणि घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारा. मात्र तिच्यापायी जिवंत माणसाचे दार बंद होत असेल, तर तिला खाली उतरवायलाही कचरू नका. मला खाली उतरवले, त्याने माझा मान कमी झाला नाही.

आता वरच्या घरात संत लूकच्या दिवशी दोन मेणबत्त्या लागतात. दुसरी कोसारा लावते. रादोसाव दर रविवारी लेकीकडे येतो. पाहुणा म्हणून त्याला राकिया देतात. तो पेला तसाच ठेवतो, आधी खिशातून फडके काढून मला तेल लावतो आणि मग पितो.