नावाचा पाचशे

मुकुंदभावजींनी कॉम्प्युटरमधून काढलेली रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी तोंडाजवळ धरली आणि फूऽऽ करून फुंकर मारली. तोंडात तंबाखू होती. पट्टीवर उडालेले बारीक तपकिरी थेंब मला लांबूनही दिसले. ते त्यांनी अंगठ्याने पुसले, अंगठा पँटला पुसला आणि पट्टी परत खाचेत बसवली.

"झालं, वहिनी. कार्बन साचतो त्यावर. खोडरबर असेल तर द्या, घासूनच टाकतो."

"मागच्या वेळीही घासली होती, भावजी."

"मग! म्हणून तर इतके दिवस चालली."

सोफ्यावरून सिद्धेश हसला. नवऱ्याच्या हसण्याचीही शिसारी येऊ शकते, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

मुकुंदभावजी माझे चुलत दीर. काळेवाडीत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आमच्या रावेतच्या फ्लॅटमधलं हे मशीन त्यांनीच सुटे भाग आणून जोडलं. मला दुकानात जाऊन एकेक भाग बघून घ्यायचा होता, पण सिद्धेश म्हणाला, घरचा माणूस असताना बाहेर कशाला भटकायचं. मधू तेव्हा अगदी लहान होती. मी हट्ट सोडला.

मधू झाली तेव्हा चाकणची माझी डिझाइनची नोकरी सुटली. आता ती रांगते, आणि जमिनीवर जे सापडेल ते तोंडात घालते. तिला पाळणाघरात सोडायला माझा जीव होत नाही. चाकणमध्येच टूलरूम चालवणाऱ्या शैला मॅडमनी घरून काम द्यायची तयारी दाखवली, पण आधी एक परीक्षा होती. वेल्डिंग करताना भाग पकडून ठेवणाऱ्या एका फिक्श्चरचं अख्खं थ्रीडी मॉडेल करून पाठवायचं. पहिली तारीख हुकली होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या होत्या, "शनिवारी दे. नाही जमलं तर राहू दे, मी दुसऱ्याला देते. राग नाही." तो राग नसणंच मला जास्त लागलं होतं.

कारण चूक माझी नव्हतीच. फिक्श्चरचा एकेक भाग पडद्यावर रेखाटेपर्यंत मशीन गुणी बाळासारखं चाले. सगळे जोडून मॉडेल पडद्यावर फिरवलं की निळा पडदा, मेमरी बिघडल्याचा संदेश, आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू. कधी कधी फाइलही अशी मोडायची की उघडतच नसे.

भावजी गेल्यावर मी आधी फरशी फिनेलने पुसली. टेबलाखाली तंबाखूचे दोन तुकडे होते. मधूचे हात धुतले, तिने हरकत घेतली, पुन्हा धुतले. मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या बाहेर काढून स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या. बोळा पिवळट झाला. तो कचऱ्यात टाकतानाही मी चिमटीतच धरला होता.

"तुझं जरा जास्तच होतं हां," सिद्धेश म्हणाला. "अगं, तो बिचारा दुकान सोडून आला."

"थुंकायला आला."

"हळू बोल, फोनवर ऐकू जाईल." फोन बंद होता. तरी त्याने तो उलटा ठेवला.

सिद्धेश सेकंड शिफ्टला गेला आणि मधू झोपली, तेव्हा मी मुळापासून सुरुवात केली. पेनड्राइव्हवरून रॅमची चाचणी लावली. ही चाचणी विंडोज सुरू होण्याआधीच चालते, तेव्हा पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला काहीच काम नसतं. एकेक पट्टी वेगळी तपासली, मग दोन्ही एकत्र. एकही चूक नाही. मग रॅमचा वाढवलेला वेग उतरवून नेहमीचा केला आणि मॉडेल उघडून फिरवलं. निळा पडदा. पट्ट्या अदलाबदल करून पाहिलं. निळा पडदा. ग्राफिक्स कार्ड काढून पडद्याची वायर थेट मुख्य बोर्डाला जोडली आणि तेच मॉडेल फिरवलं, तर ते रखडत, धापा टाकत का होईना, पण फिरत राहिलं. पडलं नाही.

म्हणजे रॅम निर्दोष होती. कार्ड जोर लावायला लागलं की वीज कमी पडत होती. ती डळमळली की बोर्डावरचं सगळंच डळमळतं, आणि आरडाओरडा मात्र रॅम करते. आणि आम्ही महिनाभर तिलाच घासत बसलो होतो.

मेन स्विच बंद करून, वायर उपटून मी पॉवर सप्लायचा डबा स्क्रू काढून बाहेर घेतला. हातात उचलून पाहिला. रिकाम्या डब्याइतका हलका. पंख्याच्या जाळीत केसांचा, धुळीचा चिकट गोळा, त्यात मेलेलं झुरळ, आणि जळक्या प्लास्टिकचा वास. एका बाजूला लाल, ठसठशीत आकड्यांत ५००. दुसऱ्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत तक्ता. कार्ड आणि प्रोसेसर ज्यावर चालतात त्या बारा व्होल्टच्या ओळीत बारा अँपिअर. बारा गुणिले बारा, एकशे चव्वेचाळीस वॉट. तेवढे तर कार्डच जवळजवळ एकटं खातं, मग प्रोसेसरने काय करायचं? आणि अख्ख्या तक्त्यात पाचशे वॉट असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मी भावजींना फोन लावला.

"भावजी, हा पाचशे वॉटचा नाही."

"मी कुठं म्हणालो वॉटचा? मॉडेलचं नाव पाचशे आहे त्याच्या."

"नाव?"

"नाव, वहिनी. आता एखाद्याचं नाव राजा असलं म्हणून तो राजा होतो का?" ते खळखळून हसले. मागे दुकानात आणखी कुणीतरी हसलं.

"मी तुम्हाला लिहून पाठवलं होतं, कमीत कमी साडेपाचशे वॉटचा, चांगला."

"हो हो, आला होता ना मेसेज. मी तोच आणणार होतो, आईशप्पथ. पण सिद्धेशच म्हणाला, एवढा भारी कशाला, ती घरी बसून टाइमपासच करणार, हलका लाव. मग मी लावला. त्याला विचारा की."

मी फोन ठेवला. झुरळाच्या पायाचा एक तुकडा माझ्या तळहाताला चिकटला होता. तो पाण्याने गेला. दुसरं काही गेलं नाही.

सिद्धेश घरी आला तेव्हा डबा डायनिंग टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलेला होता.

"शी, हे काय जेवायच्या टेबलावर!"

"टाइमपास," मी म्हणाले.

त्याला कळायला क्षणही लागला नाही. कानापर्यंत लाल झाला. "अगं, तेव्हा तुझं काम पक्कं नव्हतं. मी आपला विचार केला..."

"माझ्याशी केलास?"

तो हात धुवायला गेला. बराच वेळ धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी मधूला कडेवर घेऊन मी चिंचवडच्या दुकानात गेले. पहिला खोका पुढे आला तसा मी तो उलटा केला आणि तक्ता वाचला. बारा व्होल्टला जेमतेम अठरा. परत केला. दुसरा, परत. तिसऱ्यावर पंचेचाळीस अँपिअर होते, म्हणजे बारा व्होल्टवरच पाचशे चाळीस वॉट, आणि पाच वर्षांची वॉरंटी. मधूने खोक्याचा कोपरा चोखला, तिला त्यातून सोडवलं आणि तोच घेतला. घरी येऊन तो मीच बसवला. कार्ड लावलं, मॉडेल उघडलं, फिरवलं. फिरलं. क्लॅम्प आतून दिसेपर्यंत छेद घेतला, पुन्हा पुन्हा फिरवलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी फक्त निळ्या पडद्याची वाट पाहत बसले होते, आणि तो आला नाही.

शनिवारी दुपारी फाइल पाठवली. संध्याकाळी सिद्धेश माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मुकुंदला नको सांगूस तू दुसरा बसवलास म्हणून. वाईट वाटेल त्याला."

मी उत्तर देणार, तेवढ्यात शैला मॅडमचा फोन आला. मी मधूला भरवत होते, म्हणून स्पीकर लावला.

"वर्षाली, पाहिलं मी. छान झालंय. क्लॅम्पची जागा थोडी सरकवू, ते मी सांगते. पण मशीनचं काय झालं होतं तुझ्या?"

सिद्धेश समोर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. नको, नको.

"पॉवर सप्लाय हलका होता, मॅडम. माझ्या नवऱ्याने सांगून तसा लावायला लावला. माझं काम टाइमपास आहे असं वाटलं होतं त्याला."



"बरं," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी पुढचं ड्रॉइंग पाठवते. घेशील ना?"

"घेते."

सिद्धेश बाल्कनीत गेला आणि दार ओढून घेतलं. मी मधूचं तोंड पुसलं आणि उरलेला घास तिला भरवला.