वारसामेची मुलगी

"उघड ना, अबायो! माझी आई आहे त्यात!" फदुमाने ॲल्युमिनियमच्या पेटीवर दोन्ही हात आपटले.

अबायो म्हणजे बहीण. जर्मनीत कार्ल्सरूहेतल्या सोमाली निर्वासितांच्या मदतसंस्थेत फदुमा सगळ्याच बायकांना अशी हाक मारायची. आज मात्र त्या हाकेने शोभना एक पाऊल मागे सरली. पेटीला कुलूप होतं, किल्ली कागद नष्ट करणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरकडे, आणि तो दारात ट्रक लावत होता.

संस्था बंद होत होती. ज्या जुन्या फायलींतली कुटुंबं जुळतील त्या शहराच्या आर्काइव्हला द्यायच्या, सुट्या पडतील त्या नष्ट करायच्या, असं ठरलेलं. जुळवायचं काम तिथे मदतीला येणाऱ्या शोभनाने हौसेने अंगावर घेतलं. भास्कर, तिचा नवरा, म्हणालासुद्धा, "अगं, तुला त्यांची नावं तरी कळतात का?"

"न कळायला काय झालं? आपल्यासारखीच आहेत. आधी स्वतःचं, मग वडिलांचं. लग्न झालेलीचं असेल तर नवऱ्याचं."

आता तीच शोभना चाचरत होती. "तुझे वडील नूर. आईच्या नावात वारसामे. मला वाटलं, ही वारसामेची बायको, दुसऱ्या घरातली..."

"वारसामे माझे आजोबा! लग्न झालं म्हणून कुणाचा बाप बदलतो का?"

शोभनाचा बदलला होता. लग्नात ताटभर तांदळांत नाव लिहिलं आणि सुधा वासुदेवची शोभना भास्कर झाली. तिने वर हौसेने उखाणाही घेतला होता.

ड्रायव्हर आत आला. "बंद पेटी उघडायची नसते. डाटेनशुत्स, लोकांची खाजगी माहिती असते."

"माझ्या आईचा जगात एवढा एकच फोटो आहे," फदुमा म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, किल्ली फिरवली. "मी सिगारेट ओढून येतो. तेवढाच वेळ."

दोघी गुडघ्यांवर बसून कागद उपसू लागल्या. हलीमो वारसामे सापडली. कॅमेऱ्यावर रागावल्यासारखी बघणारी, डोकं झाकलेली बाई. फदुमाने फाइल छातीशी धरली.

शोभना थांबली नाही. सहरा ओमार. इदिल जामा. आशा फराह. कुणाशीच जुळत नाहीत म्हणून तिनेच बाजूला टाकलेल्या.

"अगं बाई," ती मराठीतच पुटपुटली, "या सगळ्याच कुणाच्या तरी आया."

हाताला येईल ते ती ओढत राहिली. फदुमाही आईला कोटात खोचून वाकली. पेटी निम्मीसुद्धा झाली नव्हती.

"श्लुस. पुरे," ड्रायव्हर दारातून म्हणाला.

"प्लीज, अजून थोडं! चूक माझी आहे." शोभनाने झाकण धरून ठेवलं. त्याने एकेक करून तिची बोटं सोडवली, हलक्या हाताने. कुलूप लागलं. मग बाहेर ट्रकमधल्या कागद कातरणाऱ्या यंत्राची घरघर सुरू झाली.

दोघी पायरीवर बसल्या, मांडीवर फायली घेऊन. आता फदुमा आपल्याला बोल लावणार, आणि तिने लावावाच, असं शोभनाला वाटत होतं.

"तुझे वडील कोण, अबायो?" फदुमाने विचारलं.

"वासुदेव," शोभना म्हणाली.

ट्रकमधला आवाज अजून थांबला नव्हता.