पंख्याजवळची ओळ

डायना परेरा कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद गावातल्या एका मळ्यावर जायची ती खतिजाबाईंच्या पायाची जखम बांधायला. इस्पितळातून घरी परतलेल्या या कतारी आजीबाईंनी "नर्स हीच हवी" म्हणून हट्टच धरला होता. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी डायनाचा नवरा अलेक्स तिला गाडीने सोडायचा.

दोन हजार दोनच्या नोव्हेंबरात, ड्रेसिंग झाल्यावर, खतिजाबाई तिला काठी टेकत काचघरात घेऊन गेल्या. विलायतेत सहा वर्षं काढलेल्या बाईंनी तिकडचे गुलाब इथे लावले होते. ओल्या जाळ्या आणि मोठाले पंखे लावून आत गारवा केलेला. दारातून शिरताच डायनाच्या अंगावर शहारा आला. पण झाडांकडे पाहून तिचं तोंड उतरलं. पानोपानी काळे ठिपके, भोवती पिवळेपणा, आणि निम्म्या झाडांचे नुसते खराटे.

"औषध मारून मारून थकलो, सिस्टर," माळी दिलावर हिंदीत म्हणाला. बोलता बोलता तो नळीने झाडांना वरून अंघोळ घालत होता. तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

डायनाला राहवलं नाही. वसईला तिच्या पपांची गुलाबाची बाग होती. ओल्या पानानिशी झाड झोपवलं की दुखणं आलंच, हे ती फ्रॉक घालायच्या वयात शिकली होती.

"भाई, पाणी सकाळी द्या, आणि मुळाशी. पान कोरडं राहू द्या. गळलेली पानं उचलून जाळा, रोग त्यांच्यातच दबा धरून बसतो."

दिलावर हसला. "तुम्ही माणसांना सुया टोचा. झाडांचं मी बघतो. मी पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्याचा आहे, सफरचंदांच्या बागेत वाढलोय."

"मग ऐका. एका पेशंटला लावलेला हात धुतल्याशिवाय मी दुसऱ्याला लावत नाही. तुमची कात्री मात्र रोगट फांदीवरून थेट चांगल्या फांदीवर जाते. मला एक ओळ द्या. ती पंख्याजवळची, कडेची. आठ आठवडे."

दिलावरने मालकिणीकडे पाहिलं. खतिजाबाईंनी काठी आपटली. "यल्ला! दे तिला."

डायनाने ओळीतलं एकेक ठिपक्याचं पान खुडलं, आतल्या दाट फांद्या छाटून वाऱ्याला वाट केली. दर झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसली. ओळ उघडीबोडकी दिसू लागली. "छान हजामत केलीत," दिलावर म्हणाला. पण शब्दाचा पक्का होता. रोज सकाळी त्या ओळीला तो मुळाशीच पाणी देई.

तरी तिसऱ्या आठवड्यात ठिपके पुन्हा उमटले. गाडीत बसल्यावर डायनाला रडू कोसळलं. "सोड ना," अलेक्स म्हणाला, "तुझी ड्यूटी काय कमी आहे?" तिने डोळे पुसले. पुढच्या खेपेला ती नुसती उभी राहून बघत राहिली, आणि मग तिला दिसलं: दिलावर शेजारच्या ओळीला अजून वरूनच पाणी घालत होता, आणि त्याचे शिंतोडे हिच्या पानांवर पडत होते. तिने मधे प्लास्टिकचा पडदा टांगला आणि ठिपक्यांची पानं पुन्हा खुडली.

डिसेंबर सरता सरता कोवळी, तांबूस पालवी फुटली. ती हिरवी झाली, तरी एक डाग नाही. जानेवारीत त्या ओळीवर एवढे गुलाब आले की खतिजाबाई खुर्ची टाकून तिथेच बसू लागल्या.

एका शुक्रवारी डायना सकाळीच पोचली, तर दिलावर गुडघ्यांवर बसून सगळ्याच ओळींना मुळाशी पाणी देत होता. कमरेला स्पिरिटची बाटली बांधलेली.

मार्चमध्ये शेजारच्या मळ्याची शेती बघणारे इंजिनिअर रहमान काचघर पाहायला आले. दिलावरने त्यांना कात्री पुसण्यापासून पडद्यापर्यंत सगळं दाखवलं आणि छाती फुगवून म्हणाला, "ही आमच्या सिस्टरची पद्धत."

डायनाची मान ताठ झाली. "माझी नाही," ती म्हणाली, "वसईच्या इनास तुस्कानोंची. माझे पपा आहेत ते."

रहमाननी वही काढली. "नाव कसं लिहायचं?"

तिने एकेक अक्षर सावकाश, मोठ्याने सांगितलं.